पत्र बाईंना, पण वाचायचे पालकांनी

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाने जाणाऱ्यांना कोन हे नाव बहुधा पाटीवरूनच माहीत असते. पनवेल मागे टाकले की जुना पुणे रस्ता, द्रुतगती महामार्ग आणि कोन-सावळा रस्ता यांच्या बेचक्यात हे गाव लागते. मूळ वस्ती शेतकऱ्यांची. आता तिच्या शेजारी उंच इमारती आल्या आहेत. भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेत बांधलेली येथील २४१७ घरे म्हाडाने २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी काढली. ताबा मिळायला पुढे कितीतरी वर्षे गेली, आणि मधल्या काळात करोनाच्या साथीत याच इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. म्हणजे १९८२ च्या संपाने ज्यांच्या आजोबांची गिरणी सुटली, त्या घरांतील नातवंडे आज लालबाग-परळपासून इतक्या दूर नव्याने शाळा शोधत आहेत. जवळच २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. तेथे नोकऱ्या निघतील आणि त्यांना इंग्रजी लागेल, हे इथल्या पालकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही कोनला मुलांना काही प्रयोग दाखवायला गेलो होतो. भिंग, मेणबत्ती, थर्मामीटर, असे साधेच सामान. मुलांबरोबर पालकही थांबले, आसपासच्या दोन-तीन शाळांतील शिक्षकही आले होते. प्रयोग संपले, चहा आला, आणि बोलणे शाळांवर गेले. एक गुरुजी आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, “पालकांना काय कळतं हो? गळ्यात टाय दिसला की धावले तिकडे.” थोड्या वेळाने एक आई म्हणाल्या, “आधीच्या शाळेत विचारायला गेलं की सर सांगायचे, घरी तुमचंच लक्ष नाही. मग म्हटलं, फी भरून तरी बघू. पैसे दिले की निदान उत्तर तरी नीट देतील.”

ही दोन वाक्ये आम्ही घरी घेऊन आलो. दोघांचाही अनुभव खोटा नव्हता, पण एकमेकांविषयीचा निष्कर्ष मात्र दोघांनी फार लवकर काढला होता. त्या रात्री पुष्कळ वर्षांनी एक जुने पुस्तक पुन्हा उघडले. आमच्या शिक्षक वाचकांपैकी अनेकांनी ते वाचले असेल. इटलीतील बार्बियाना या वाडीतील आठ मुलांनी लिहिलेले, १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले, एका शिक्षिकेला उद्देशून असलेले दीर्घ पत्र. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले. आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाच्या शिबिरांत त्याचा उल्लेख हमखास होतो, आणि तो बहुतेक वेळा ‘शिक्षकांनी अंतर्मुख व्हावे म्हणून’ होतो. गंमत अशी की पुस्तकाच्या सुरुवातीलाच ही मुले सांगून टाकतात की हे शिक्षकांसाठी नाही, पालकांसाठी आहे, त्यांनी संघटित व्हावे म्हणून आहे. पत्र बाईंना, पण वाचायचे पालकांनी. हा पत्ता आपल्याकडे कोणी फारसा वाचलेला दिसत नाही. आम्हीही पहिल्या वाचनात तो ओलांडून पुढे गेलो होतो.

पुस्तकाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. बार्बियाना ही फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगरातली विखुरलेली वाडी. १९५४ मध्ये लोरेन्झो मिलानी हे धर्मगुरू तेथे आले. गावच्या शाळांतून नापास होऊन बाहेर पडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. शाळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर्षाचे सगळे दिवस. सुट्टी नाही, खेळ नाही. पाहायला आलेले शिक्षक म्हणत, मुलांना खेळायला हवे. त्यावर ज्याच्या गोठ्यात छत्तीस गाई होत्या अशा एका मुलाने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. शेणापेक्षा शाळा केव्हाही बरी, असा त्याचा आशय. (आमच्या मते खेळ काढून टाकणे ही त्या शाळेची चूकच होती. पण गोठा न पाहिलेल्या माणसाने ती काढून दाखवणे सोपे असते, हेही खरे.) इटलीच्या राज्यघटनेने आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे व मोफत ठरवले होते आणि १९६२ अखेरच्या कायद्याने प्राथमिकनंतरची शाळा सर्वांसाठी एकच केली होती. कागदावर दार सर्वांना उघडे होते. मुलांचा प्रश्न एवढाच होता की दारातून आत गेलेली आमच्यासारखी मुले मग जातात कुठे?

या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आमच्यासारख्या विज्ञानातील माणसाला विशेष मोहात पाडते. त्यांनी आकडे जमवले. देशभरातील आकड्यांवरून एक प्रातिनिधिक वर्ग कल्पिला आणि तो वर्षावर्षाने पुढे नेत पाहिले. किती मागे राहिले, किती गळले, वरून नापास होऊन किती येऊन मिसळले, गळलेल्यांचे वडील काय काम करतात. इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने या सांख्यिकी कामाबद्दल पुस्तकाला पारितोषिक दिले. एरवी ते होतकरू भौतिकशास्त्रज्ञांना मिळे. आणि पारितोषिक दयेपोटी नव्हते. मांडणीत खरोखरच एक शोध आहे. वर्गशिक्षिकेच्या हजेरीपटावर संख्या फारशी बदलत नाही, कारण गळलेल्यांची जागा नापास होऊन थांबलेले भरून काढतात. तिला दर वर्षी भरलेला वर्ग दिसतो. गळती दिसायची तर पटावरच्या संख्येऐवजी मुलांचा माग काढावा लागतो. पाण्याची टाकी नेहमी भरलेली दिसते म्हणून ती गळत नाही असे म्हणता येत नाही, वरून नळ चालू असू शकतो. आपल्या शाळांतील शिक्षकांनी हा भाग वर्गातल्या मोठ्या मुलांकडून करून घ्यावा असे आम्हांला फार वाटते. सरासरी आणि टक्केवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

पण आज आम्हांला थांबायचे आहे ते दुसऱ्याच एका जागी. नापास झालेल्या मुलाची आई शाळेत जाऊन येते, तो प्रसंग. पानभरही नाही. बाईंनी तिला बसायला सांगितले, हजेरीपट उघडून दाखवला, निळ्या खुणांनी भरलेला पेपर दाखवला. आई घरी येते ती बाईंच्या चांगुलपणाने भारावून. आपल्या नशिबी हुशार मूल नाही, असे तिचे मत झाले आहे. आपण शेतात गेलो तसा तोही जाईल, असे म्हणून ती विषय मिटवते.

उद्या कोणी पाहणी करायला त्या घरी गेला आणि विचारले, “तुमच्या मुलाने पुढे शिकावे असे तुम्हांला वाटते का?”, तर ही आई ‘नाही’ म्हणेल. पाहणीत नोंद होईल की ग्रामीण पालकांना शिक्षणाचे महत्त्व वाटत नाही. वर्तमानपत्रात ते छापून येईल आणि बाई ते वाचून म्हणतील, “बघा, मी म्हणतच होते.” त्या दिवशी कोनला मुलांना आम्ही एक प्रयोग दाखवला होता. छोट्या परीक्षानळीत थोडेसे गार पाणी घ्यायचे आणि त्यात गरम पाण्यातून काढलेला थर्मामीटर बुडवायचा. पारा जे तापमान दाखवतो ते त्या पाण्याचे आधीचे तापमान नसते, थर्मामीटरनेच ते बदललेले असते. पालकांचे मत हे पुष्कळदा असे मोजमाप असते. आपण त्याला शाळेबाहेरून आलेला, स्वतंत्र पुरावा समजतो. प्रत्यक्षात त्यात शाळेने आधी सांगितलेलेच परत ऐकू येत असते. ‘याला गणित जमत नाही’, ‘ही कला शाखेची मुलगी’, ‘मराठी माध्यमातून आता काही होत नाही’, ही वाक्ये पालकांच्या तोंडून येतात, पण जन्मतात पालकसभेत, शिक्षककक्षात, आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्या मराठी शाळांतील शिक्षकांच्या घरी. शेवटचा मुद्दा कोणाला टोचेल, पण कोनच्या त्या सभेत तो एका वडिलांनीच काढला, आणि उपस्थित शिक्षकांपैकी कोणी उत्तर दिले नाही. आमचीही मुले इंग्रजी माध्यमात शिकली. आम्हीही चहाच पीत बसलो.

पुस्तकाचे बळ हे असे आहे. त्याची कमतरता कुठे आहे ते आता पाहू.

पहिली गोष्ट, पत्र पालकांसाठी आहे पण पालक त्यात बोलत नाहीत. ते दिसतात मुलांच्या नजरेतून, भोळे, हात जोडलेले. मुलींविषयीचा उल्लेखच घ्या. बार्बियानाला गावातील मुलगी एकही येत नव्हती. कारण सांगताना मुले रस्त्याच्या अडचणीबरोबर आईबापांच्या मनोवृत्तीचेही नाव घेतात. बाईच्या जातीला बुद्धीची काय गरज, असे पालकांना वाटते, आणि या एका बाबतीत आईबापांपेक्षा शिक्षिकाच बऱ्या, असे ही रागावलेली मुले प्रांजळपणे कबूल करतात. कबूल करतात आणि पुढे निघून जातात. इथे थांबायला हवे होते. कारण ‘पालकांचे मत’ आणि ‘मुलाचे हित’ या दोन गोष्टी एक नाहीत, हे पुस्तकातले सर्वांत अवघड सत्य याच ओळींत आहे. आपल्याकडे ते रोज दिसते. एकाच घरातला मुलगा पिवळ्या बसमधून फीच्या शाळेत जातो आणि बहीण चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिची शाळा वाईट असेलच असे नाही, कदाचित तीच चांगली असेल. पण निवड करताना तो विचार झालेला नसतो. फी भरायची ती कोणासाठी, एवढाच विचार झालेला असतो.

दुसरी कमतरता अधिक मोठी. बार्बियानाच्या आईबापांना दुसरी शाळाच नव्हती. म्हणून पुस्तकाचा सगळा रोख आवाज उठवण्यावर आहे. पालकांची एखादी कामगार संघटनेसारखी संघटना हवी, तुमचा पगार आमच्या करातून जातो हे तिने शिक्षकांना सांगावे, असे मुले म्हणतात. (शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले होते. बार्बियानाच्या पंचाऐंशी वर्षे आधी.) पण पालकापुढे दुसरा दरवाजा उघडला तर? तर तो भांडणार नाही, निघून जाईल. या शक्यतेचा विचार पुस्तकात नाही, आणि आपल्याकडे तर तीच घडली आहे.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याला तो सुचला नायजेरियातल्या रेल्वेवरून. उत्तरेतला भुईमूग शेकडो मैल दूरच्या बंदरांवर न्यायचा होता. इतक्या अंतराला रेल्वेच स्वस्त पडायला हवी, तरीही माल ट्रकने जाऊ लागला. स्पर्धा आली की रेल्वे सुधारेल, अशी अपेक्षा होती. ती सुधारली नाही. हिर्शमन म्हणतो, ज्यांना खराब सेवेचा सर्वांत जास्त राग येत होता आणि ज्यांच्या तक्रारीला वजन होते, तेच आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते ज्यांचे कोणी ऐकत नाही ते. रेल्वेला तोटा सरकार भरून देत होते, त्यामुळे ग्राहक गेल्याचेही दुःख नाही. पुढे तो सार्वजनिक शाळांचेही हेच उदाहरण देतो. कोनसारख्या गावात हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही, महामार्गाकडेला उभे राहिले तरी पुरे. ज्या आई ‘विचारायला गेलं की’ म्हणत होत्या, त्या विचारणाऱ्या होत्या. त्या गेल्या. त्यांच्या मुलाच्या जागी पटावर एक आकडा कमी झाला, पण शाळेतून कमी झाला तो एक प्रश्न विचारणारा माणूस.

यावर कोणी म्हणेल, मग गेलेल्याचे तरी भले झाले ना? पालकांनी पैसे मोजून निवडले, म्हणजे त्यांना काहीतरी चांगले मिळाले असणारच. हा युक्तिवाद अलीकडे फार जोरात आहे, म्हणून तो नीट तपासू.

फीच्या शाळांचा निकाल चांगला लागतो हे खरे आहे, पण तिथे मुले कोणती जातात? बार्बियानाच्या पुस्तकात डॉक्टरांचा मुलगा सहाव्या वर्षी शाळेत येतो तो लिहा-वाचायला शिकूनच, आणि थेट दुसरीत बसतो. त्याच्या वाचनाचे श्रेय शाळेने घ्यावे काय? नववीत गळती करून दहावीचा ‘शंभर टक्के निकाल’ फलकावर लावणाऱ्या शाळा आपल्या ओळखीच्या आहेत. अशा फलकावरून शाळेची परीक्षा करणे म्हणजे केवळ उंच मुलांना प्रवेश देऊन ‘आमच्याकडे मुले उंच होतात’ असे म्हणण्यासारखे आहे. खरे उत्तर हवे तर सारख्याच घरांतली मुले चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागायला हवीत. असा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००८ ते २०१२ या काळात १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी तो केला. सरकारी शाळांतील ज्या पालकांनी अर्ज केले त्यांच्यातून सोडत काढली. ज्यांचे नाव निघाले त्यांच्या मुलांना खाजगी शाळेची फी मिळाली, बाकीच्यांना नाही. निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत खाजगी शाळांतील मुले पुढे होती, कारण सरकारी शाळांत त्या वयात हिंदी जवळजवळ नव्हतीच.

सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी हे वाचून लगेच टाळ्या वाजवू नयेत. प्रयोगाची दुसरी बाजू अशी की त्या खाजगी शाळांचा प्रत्येक मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, शिक्षकांचे पगार फार कमी होते, आणि तेलुगू व गणिताला त्यांनी वेळही कमी दिला होता. तेवढ्याच शिकण्याला सरकारी शाळेने तिप्पट पैसे घेतले, असाही त्याचा अर्थ होतो. निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे, म्हणूनच तो आम्हांला विश्वासार्ह वाटतो. आणि तो आंध्रातील त्या वर्षांचा आहे, कोनचा नाही, हेही विसरू नये.

महाराष्ट्रात अलीकडे न ठरवता एक असाच प्रयोग झाला. शिक्षण हक्क कायद्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी असतात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने यात बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा देण्याचे बंधन राहिले नाही. यादीत सरकारी शाळा आल्यामुळे जागा आठ लाखांच्या वर गेल्या. अर्ज आले सुमारे सत्तर हजार. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली, जुन्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागवले, आणि सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आले. १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने तो बदल रद्दच केला.

आकडे बोलके आहेत खरे, पण काय बोलतात? ‘पालकांनी सरकारी शाळा नाकारल्या’ असा अर्थ तेव्हा काहींनी काढला. तसे असेलही, पण एवढ्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. सरकारी शाळेत जायला असा अर्ज मुळात लागतच नाही. जे दार सताड उघडे आहे त्याच्यासाठी रांगेत कोण उभे राहील? म्हणजे पहिल्या फेरीत पालकांचे मत मोजलेच गेले नाही. दुसऱ्या फेरीत जे मोजले गेले ते मात्र खरे आहे. सुमारे अडीच लाख गरीब घरांनी दाखले गोळा केले, सायबर कॅफेत रांगा लावल्या, एका जागेमागे दोनाहून अधिक जण असताना नशीब आजमावले. त्यांना ‘टायला भुललेले’ म्हणणे आम्हांला जमत नाही. त्यांनी पाहिले आहे की साहेबाची, डॉक्टरांची, नगरसेवकाची आणि गुरुजींची मुले कुठे जातात. विज्ञानात आपणही असेच करतो. जे थेट मोजता येत नाही ते एखाद्या दृश्य खुणेवरून ओळखतो. मुलाचे शिकणे पालकाला दिसत नाही. टाय दिसतो, इंग्रजी कविता ऐकू येते, बस दारात येते. पालकांनी काढलेले अनुमान हाती असलेल्या माहितीवरून चुकीचे नाही. हाती असलेली माहितीच अपुरी आहे, आणि ती पुरी करणे हे शाळेचे काम होते.

बरे, आवाज उठवायला जागा नव्हती असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. खर्चावर देखरेख आणि शाळेचा विकास आराखडा हे तिचे काम. बार्बियानाच्या मुलांनी मागितलेली पालकांची संघटना भारताच्या संसदेने २००९ मध्ये कायद्याने देऊन टाकली. विनाअनुदानित खाजगी शाळांना मात्र हे कलम लागू नाही. म्हणजे फी भरून दुसरीकडे जाणारा पालक आपली कायदेशीर खुर्ची सोडून जातो. हे त्याला कोणी सांगत नाही. आणि खुर्ची सोडल्याची खंत त्याला का वाटावी? मुख्याध्यापकांचा निरोप आला की सही करायला जायचे, एवढाच तिचा अनुभव असेल तर.

नापास न करण्याचे धोरण हे दुसरे उदाहरण. मुलांना नापास करू नका, ही बार्बियानाच्या पुस्तकातली पहिली मागणी. आपल्या कायद्याने ती आठवीपर्यंत मान्य केली, २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती ती मागे घ्यायची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये वापरली. पालकांचीच तशी मागणी होती, असे सांगितले गेले. कोनला आम्हीही हे ऐकले. पण त्या वडिलांना नीट विचारल्यावर कळले की त्यांना मूल नापास व्हायला नको होते. त्याला काय येते आणि काय येत नाही, हे वर्ष संपण्यापूर्वी कोणीतरी त्यांना सांगायला हवे होते. परीक्षा हा त्यांना माहीत असलेला तेवढा एकच मार्ग. मागणी माहितीची होती, नोंद झाली ती शिक्षेची.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा कोनला गेलो. या वेळी भिंगे नेली नाहीत. दुसरीच्या पातळीचे चार-पाच सोप्या वाक्यांचे उतारे, मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहून नेले होते. मुलांनी आईवडिलांसमोर ते वाचायचे आणि आपल्या शब्दांत सांगायचे, गुण नाहीत, नंबर नाहीत. फीच्या शाळेतल्या चौथीच्या मुलाने इंग्रजी उतारा घडाघडा वाचला. कशाबद्दल आहे विचारल्यावर त्याने तोच पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा विचारल्यावर आईकडे पाहिले. मराठी शाळेतली पाचवीची मुलगी जोडाक्षरांशी अडखळत होती. तीन शब्द तिने सोडून दिले, पण बैल कोणाचा हरवला आणि तो कुठे सापडला ते नीट सांगितले, आणि वर तो बैल तिथेच का गेला असेल याचा स्वतःचा अंदाजही सांगितला. तिच्या वडिलांचे लक्ष सोडलेल्या तीन शब्दांवर होते.

कोणती शाळा बरी, हे त्यावरून ठरले नाही, ठरणारही नव्हते. दोन मुले म्हणजे नमुना नव्हे. मात्र पावसाळ्यात ज्या आई बोलल्या होत्या त्यांनी तो मराठी-इंग्रजी कागद मागून घेतला. शाळेत दाखवला तर चालेल का, असे विचारले. मग आमच्याकडून उत्तर यायच्या आधी त्यांनी त्या गुरुजींकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सर, तुमच्या समितीची मीटिंग कधी असते? पोरगी अजून तुमच्याकडेच आहे माझी.” गुरुजी म्हणाले, पुढच्या महिन्यात. तारीख त्यांना आठवत नव्हती. त्यांनी खिशातून डायरी काढली.